थंडीत फ्रीज एकवर

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. यात माझीच चूक आहे, आणि स्वतःची चूक सांगताना माणूस दुसऱ्यांच्या चुका जरा फुगवून सांगतो, हे मला माहीत आहे. तसं करायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे. पण राग अजून गेलेला नाही. कुठं शब्द जास्त कडक पडला, तर तो तेवढा कमी करून वाचावा.

आम्ही कोल्हापुरात, वस्ती संपून ऊस सुरू होतो त्या बाजूला, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहेत. बंगला एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते, आम्हीही म्हणतो. आई बाईंच्या घरची धुणीभांडी करते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळं घरात येणारा प्रत्येक कागद माझ्यापुढं येतो. लाइट बिल, बँकेचं पत्र, औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरं, सगळं. "हिला दे, ही वाचती," असं आई म्हणते, आणि मी एकदा वाचून सांगितलं की त्यावर घरात कोणी काही बोलत नाही.

बंगल्याला लागून गॅरेज आहे. बाईंचा मुलगा गाडी घेऊन पुण्याला गेला, तेव्हापासून ते रिकामंच. वर पत्रा, पुढं जाळीचं शटर, आणि रस्ता ओलांडला की थेट ऊस. दिवाळी झाली की नदीकडचं धुकं त्या उसातून सरकत येतं आणि जाळीतून आत शिरतं. पहाटे तिथल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. बाईंनी नवा फ्रीज घेतला तेव्हा जुना, दोन दरवाजांचा, या गॅरेजमध्ये आणून ठेवला. चालू होता, पण आत काहीच नव्हतं.

आईच्या हातचा खर्वस चांगला होतो. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. बाईंकडं पाहुणे आले होते तेव्हा आईनं केला होता, आणि त्या पाहुण्यांत आमच्या चौकातले खानावळवाले होते. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. "वैनी, दोन आठवड्यांनी रविवारी चाळीस वाट्या द्याल काय? गिऱ्हाइकाला आवडलं तर दर रविवारी घेतो." आईनं त्यांच्यासमोर नुसती मान हलवली. ते गेल्यावर मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाली, "दर रविवारचं जमलं, तर भांडी सोडणार मी. कुणाला बोलू नगंस आत्ताच."

तिनं असं काही सोडायचं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अडचण चिकाची होती. खर्वसाला चीक लागतो, म्हणजे म्हैस व्यायल्यावरचं पहिल्या दोनतीन दिवसांचं दूध. म्हैस काही रविवार बघून वीत नाही. माझी मावशी गडहिंग्लजकडं दिलेली आहे, तिच्या घरात पाच म्हशी आहेत आणि दिवाळीच्या पुढंमागं त्यांतल्या दोन तरी वितात. चीक मिळाला असता, पण तो मिळेल तेव्हा घेऊन, गोठवून ठेवायला लागणार होता. आमच्याकडं फ्रीज नाही. भांडी घासता घासता आईनं बाईंना हे सांगितलं, तर बाई लगेच म्हणाल्या, "अगं मग गॅरेजमधला वापर की. पडूनच आहे तो." हे सांगायलाच पाहिजे. फ्रीज त्यांनी आपणहून दिला.

चीक आणायला आई पहाटेच्या एसटीनं गेली. मावशीच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या घरात चीक द्यायचा असतो, विकायचा नसतो. विकला तर म्हशीची कास आटते, असं त्या मानतात. आईनं त्यांना सांगितलं, "चीक न्हाय विकत मी, खर्वस विकतोय. चीक तुमी दिलेला, त्यो दिलेलाच ऱ्हातोय." म्हातारीनं कॅन भरून दिला. चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून आईनं गुळाची ढेप आधीच बरोबर नेली होती.

घरी आल्यावर तिनं बाटल्या उकळत्या पाण्यानं धुतल्या. पहिल्या दिवसाचा चीक दाट, हळदीसारखा पिवळा, त्या बाटलीला एक रबर. दुसऱ्या दिवसाचा पातळ, त्याला दोन रबरं. कुठल्यात किती दूध घालायचं, ते त्यावर ठरतं. बारा बाटल्या वरच्या फ्रीजरमध्ये रांगेनं लावल्या. मग खालचा दरवाजा उघडून तिनं मला पुढं केलं.

"हे बटण कितीवर ठेवायचं? वाच की काय लिवलंय."

बटणाशेजारी एक कागद चिकटवलेला होता. इंग्रजीत. उन्हाळ्यात चार ते पाच, पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात एक ते दोन. मी वाचून दाखवलं. शटरपाशी बाई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "थंडीत फ्रीज एकवर. त्याला काय वाचायचंय? लहान मुलाला पण माहीत असतं."

मी बटण तीनवरून एकवर फिरवलं. माझ्या हातानं.

पुढचे दहा दिवस आई रोज दुपारी, बाईंची भांडी झाली की, गॅरेजमध्ये जाऊन फ्रीजर उघडून बघायची. बाटल्या दगडासारख्या. खूश होऊन दार लावायची. शनिवारी तिनं त्या बाहेर काढल्या, आणि विरघळल्यावर पहिल्याच बाटलीचा वास घेऊन ती थांबली. मला म्हणाली, "बघ गं जरा." मला काही कळलं नाही. तिनं दूध घातलं, गूळ, वेलदोडा घातला, कुकरला शिटी न लावता डबा ठेवला. उघडला तेव्हा आत आंबूस पाणी आणि त्यात तरंगणारे रवाळ गोळे. दुसरा डबा तसाच. तिसराही तसाच. बारा बाटल्यांपैकी एकही धड निघाली नाही.

चीक मोरीत ओतत नाहीत. आईनं सगळं एका बादलीत घेतलं, रस्ता ओलांडून उसाच्या बांधावरच्या आंब्याच्या बुडाशी ओतलं, आणि तशीच खानावळवाल्यांकडं गेली. मी बरोबर होते. ते वाईट बोलले नाहीत, पण हसलेही नाहीत. "जमत नसंल तर आधी सांगायचं की वैनी. गिऱ्हाइकाला बोलून बसलोय मी. आता पुढच्या येळंला आणशीला तर आधी चव बघणार, मग ठिवणार."

त्यानंतर प्रत्येकाला आपापलं कारण सापडलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही लोक बाटल्या नीट धूत नाही." मी बाटल्या उकळताना बघितल्या होत्या. आईची बोटं पोळलेली बघितली होती. तुम्ही लोक. बाई आईला नेहमी सुधारतात, 'मी जातो' नाही, 'मी जाते' म्हणावं म्हणून. अख्खं कोल्हापूर बायकांसकट 'मी जातो' म्हणतं. त्याचं मला कधी एवढं लागलं नव्हतं. त्या दिवशी सगळं एकदम लागलं.

मेकॅनिकला बोलावलं, तो सोमवारी भर दुपारी आला. फ्रीजरमध्ये हात घातला, मागं कान लावून ऐकलं, आणि म्हणाला, "मावशी, मशीन ठणठणीत हाय. बर्फ बघा की कसा धरलाय. तुमचा मालच तसला असणार." मग हसत, "पाणी तर घातलं न्हवतंसा?"

"माझ्या भणीच्या घरचा हाय त्यो," आई म्हणाली.

"मग भणीला इचारा," असं म्हणून तो गेला.

आईनं बहिणीला फोन लावला. फोन म्हातारीनं घेतला. आईला फोनवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळं मीही ऐकलं. म्हातारी ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "विकायला काढलासा न्हवं? मग नासणारच. मी तवाच म्हणालेलो."

आईनं फोन ठेवला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आपलं काम न्हवं ते." आणि बाईंच्या भांड्यांना गेली.

बाईंचं तिला पटलं नव्हतं. मेकॅनिकचंही नाही. म्हातारीचं पटलं. हे मला सगळ्यांत असह्य झालं, पण त्यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. नुसतं 'असं काही नसतं' म्हणून आमच्या घरात भागत नाही. मग कसं असतं, ते सांगायला लागतं.

आमच्या खोल्यांत पहाटे दिवा लावला की आण्णांची झोप मोडते, म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी गॅरेजमध्ये बसून अभ्यास करते. उलट्या क्रेटवर, शाल गुंडाळून. त्या आठवड्यात मी पाच वाजता जाऊन बसले आणि बसल्यावर लक्षात आलं की फ्रीज गप्प आहे. म्हटलं, होईल सुरू. सहा वाजले. सात वाजले. ऊन पत्र्यावर आलं, पत्रा तडतडला, आणि त्यानंतर अर्ध्या तासानं मशीन घरघरायला लागलं. मी फ्रीजर उघडला. बर्फाच्या ट्रेला बोट लावलं तर ते ओलं झालं. वरचा थर पाण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या काकांकडून थर्मामीटर मागून आणला. उद्या नक्की देते, असं तीनदा सांगून. पहाटे गॅरेजच्या हवेत पारा अकरावर. खालच्या कप्प्यात आठ. वर फ्रीजरमध्ये शून्याच्या जरा वर. दुपारी कॉलेज बुडवून पुन्हा बघितलं, तर वरचा पारा शून्याच्या खाली पार तळाला गेलेला.

मग मला कळलं. या फ्रीजला डोकं एकच, आणि ते खालच्या कप्प्यात. खालचा कप्पा गार आहे का, एवढंच ते बघतं. गार असला की मशीन बंद. वरच्या कप्प्यात काय चाललंय, याचा त्याला पत्ता नाही. स्वयंपाकघरात हे चालून जातं, कारण तिथली हवा ऊबदार असते आणि मशीन अधूनमधून चालू होत राहतं. आमच्या गॅरेजमध्ये रात्रभर बाहेरची हवाच खालच्या कप्प्याच्या जवळपास गार. वर मी बटण एकवर ठेवलेलं, म्हणजे आणखी कमी चाल, असं त्याला सांगितलेलं. चीक रोज रात्री विरघळत होता आणि रोज दुपारी पुन्हा दगड होत होता. आई दुपारी बघत होती. मेकॅनिक दुपारी आला होता. पहाटे कोणी बघितलंच नव्हतं.

हे कळल्यावर मी लगेच आईला सांगितलं असतं, तर हे लिहायची गरज पडली नसती. मी चार दिवस सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आणि रोज कुणीतरी काहीतरी वाचायला घेऊन यायचं. आण्णा पीएफचा कागद घेऊन आले. मी वाचून सांगितलं आणि ते 'बरं' म्हणून निघून गेले. मला वाटत होतं, हे मी चुकीचं वाचलं म्हटल्यावर बाकीचं सगळंही परत काढून बघतील. तेवढी भीती. त्या भीतीसाठी मी आईला चार दिवस पापाचा विचार करत बसू दिलं. चौथ्या दिवशी तिनं देवापुढं नारळ ठेवला आणि पुटपुटत माफी मागितली, ते मी दारातून बघितलं. तेव्हा मला स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा बाईंचाही कधी आलेला नाही.

"आई, चीक विकल्यामुळं नासला नाही," मी म्हणाले. "बटणामुळं नासला. मी एकवर केलं होतं."

ती वळली. मी सगळं सांगितलं, पारा, पहाट, खालचा कप्पा. तिनं मधे एकदाच विचारलं.

"म्हंजे पाप न्हवं?"

"नाही."

"म्हशीचं काय न्हाय?"

"काही नाही. बटणाचं आहे."

तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याची खूण दिसेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "कधी कळलं तुला हे?"

मी सांगितलं.

"आन चार दिस मी पाप पाप म्हणून मरतोय, ते तू बघत बसलीस व्हय गं?" आवाज चढला नव्हता. "बटण चुकतंय. कुणाचंबी चुकंल. पर तोंड हाय न्हवं तुला?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून पुढं सरकवायची आणि उठून जायची. आण्णांनी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "तुमच्या शिकल्याल्या पोरीला इचारा." मी आण्णांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "आमच्यात भट्टीचा काटा चुकला तर आख्खा माल वाया जातोय. पर सांगायचं लगीच असतंय."

तिसऱ्या दिवशी आई गडहिंग्लजच्या एसटीत बसली. मावशीची दुसरी म्हैस व्यायली होती. एका हंगामात एकाच दारात दुसऱ्यांदा चीक मागायला जाणं आमच्यात चांगलं दिसत नाही, आणि पहिला नासल्यावर तर नाहीच. संध्याकाळी ती परत आली तेव्हा कॅन भरलेला होता. मी विचारलं, म्हातारी काय म्हणाली.

"म्हणाली, पुन्ना नासला तर? मी म्हणालो, माझी पोरगी पहाटं उठून राखती. बटण चुकलेलं, म्हस न्हाय."

हे ती माझ्याकडं न बघता म्हणाली. अजून रागातच होती.

मग मी कामाला लागले. बटण तीनवर. शटरच्या जाळीला आतून पोती बांधली, म्हणजे धुकं सरळ आत यायला नको. आणि रोज संध्याकाळी चार बाटल्या कोमट पाणी खालच्या कप्प्यात. खालचा कप्पा ऊबदार झाला की मशीन चालू होणार, मशीन चाललं की वरचा चीक गोठलेला राहणार. पहाटे उठून गार झालेल्या बाटल्या काढायच्या, पुन्हा कोमट ठेवायच्या. खाली भाजी नव्हती, दूध नव्हतं, त्यामुळं तिथं काही खराब होणार नव्हतं. पहिल्या पहाटे पाच वाजता जाऊन उभी राहिले, तेव्हा मशीन चालू होतं. तो आवाज ऐकत मी तशीच उभी होते, कितीतरी वेळ.

बाईंनी मला पातेलं घेऊन जाताना बघितलं. "हे काय?"

"कोमट पाणी. फ्रीजमध्ये ठेवायला."

"फ्रीजमध्ये गरम पाणी?" त्या इतक्या हसल्या की शेजारच्या काकू गच्चीवरून वाकल्या. "अगं, ही सायन्सला आहे हो. चुलीवर बर्फ करेल आता." काकूही हसल्या. मी समजावून सांगायला लागले, खालचा कप्पा, वरचा कप्पा. बाई निम्मं ऐकून आत गेल्या.

दुसऱ्या पहाटे बटण एकवर होतं.

मी तीनवर केलं. संध्याकाळी बाई गॅरेजचा दिवा बंद करायला यायच्या, त्यांनीच केलं असणार हे उघड होतं. मी जाऊन सांगितलं, "बाई, बटण तीनवरच ठेवायचंय, प्लीज." त्या म्हणाल्या, "अगं, छत्तीस वर्षं मुलांना शिकवलंय मी. थंडीत फ्रीज एकवर ठेवतात." त्याच्या पुढच्या पहाटे पुन्हा एकवर. मशीन गप्प. वरची एक बाटली दाबून बघितली, तर बोट आत गेलं.

बारा बाटल्या. दोन दिवसांवर रविवार. मला काय झालं माहीत नाही. मी ते बटण धरून ओढलं, ते दांडीवरून निघून हातात आलं. दांडी बोटांनी तीनच्या जागी फिरवली आणि बटण प्रयोगशाळेच्या अॅप्रनच्या खिशात टाकून कॉलेजला गेले. दिवसभर खिशात हात घालून ते चाचपत होते.

संध्याकाळी घरी आले तर बाई आमच्या दारात उभ्या. आई आत, चपातीचं पीठ हाताला तसंच.

"माझ्या फ्रीजचं बटण हिनं काढलंय. माझ्या वस्तूची मोडतोड करायची, आणि वर मला विचारायचंही नाही."

"तुम्ही सारखं एकवर करताय म्हणून काढलं," मी म्हणाले.

"मग? बरोबर तेच आहे."

"तुम्हाला काही कळत नाही," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर मलाच ऐकू आले. बाईंच्या वयाच्या माणसाला, शिक्षिकेला, आमच्या घरात असं कोणी बोललेलं नाही.

"ए," आई म्हणाली. "बाईंस्नी असं बोलायचं न्हाय. बटण दे."

मी दिलं नाही.

"दे म्हणतोय न्हवं."

मी अॅप्रनमधून काढून तिच्या हातावर ठेवलं. मला वाटलं, संपलं. आता ती माफी मागणार, बाई बटण एकवर बसवणार, आणि परवा पुन्हा बांधावर बादली. आईनं ते पदरानं पुसलं, पीठ लागू नये म्हणून, आणि बाईंच्या हातात दिलं.

"चला, बसवा तुमच्या हातानं. तीनवर."

"अगं, पण..."

"तीनवर बसवा बाई. मी बघतो. आन पुन्ना एकवर करायचं असलं, तर मला हाक मारा, माझ्यासमोर करा. माझ्या माघारी करू नगासा."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर माझं बिघडंल. गेल्या टायमाला बी माझंच बिघडलं. तुमचं काय बिघडलं सांगा की."

तिघी गॅरेजमध्ये गेलो. बाईंनी चष्मा लावला, बटण दांडीवर बसवलं आणि तीनवर आणलं. जाताना म्हणाल्या, "कॉलेजात पाठवून हेच शिकवलंस हिला." आई फ्रीजरचं दार उघडून एकेक बाटली दाबून बघत होती. तीन बाटल्या मऊ होत्या. त्या तिनं त्याच संध्याकाळी शिजवल्या. दोन जमल्या, एक नासली. नासलेली तिनं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "खा." मी खाल्ली. आंबट होती.

रविवारी पहाटे चार वाजता तिनं कुकर लावला. नऊच्या नऊ बाटल्या चांगल्या निघाल्या. वाट्या मांडलेल्या थाळ्या फडक्यानं झाकून आम्ही दोघी खानावळीत गेलो. मालकांनी एक वाटी घेतली, चमचा उभा खोचला, वाटी तिरकी केली. खर्वस हलला नाही. एक घास खाल्ला, मग दुसरा, मग वाटी संपवून बोट फिरवलं.

"वैनी, हेच त्या रविवारी आणलं असतंसा तर गिऱ्हाइकाच्या शिव्या वाचल्या असत्या."

"ह्या रविवारी घ्या की," आई म्हणाली.

"घेतो. पुढच्या रविवारी पन्नास आणा."

सोमवारी भांडी झाल्यावर आईनं बाईंना सांगितलं, "पुढच्या महिन्यापास्नं दुसरी बघा. मी शोधून दितो." बाईंनी आधी 'का' विचारलं नाही. विचारलं, "आणि फ्रीज?"

"फ्रीज तुमचा हाय. काढ म्हणालासा तर काढतो."

"थंडी संपेपर्यंत राहू दे," असं बाई म्हणाल्या.

त्यात चांगुलपणा किती आणि मेहरबानी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आई ठरवायला बसत नाही. ती आता आमच्याच खोलीत फ्रीज कुठं मावेल, ते टेपनं मोजत असते.

त्याच आठवड्यात मी कॉलेजातून आले, तेव्हा बाई फाटकाशी शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "थंडीत फ्रीज तीनवर लागतो. आणि खाली कोमट पाणी ठेवायचं. मीच शिकवलं हिच्या आईला, नाहीतर यांना कुठलं माहीत असायला." काकू मान हलवत होत्या. मी सायकल धरून उभी राहिले. आई गॅरेजमधून दोन रिकाम्या बाटल्या घेऊन येत होती.

"ऐकलंस?" मी म्हणाले.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? म्हणू दे. चार बायकांस्नी सांगितलं तर चार फ्रीज तरी नीट चालतील."

"नाही ना आई. त्यांचे फ्रीज स्वयंपाकघरात आहेत. तिथं एकवरच बरोबर असतं. तीनवर ठेवून खाली भाजी गोठेल त्यांची."

आईनं माझ्याकडं बघितलं. "मग सांग जा की काकूला. तोंड हाय न्हवं तुला?"

काकू अजून फाटकाशीच होत्या. मला सहज जाता आलं असतं. मी सायकलला कुलूप लावलं, आईच्या हातातल्या बाटल्या घेतल्या आणि पाणी तापवायला आत गेले. अजूनही मी काकूंना सांगितलेलं नाही.